अस्सल की बनावट? जोडलेल्या उपकरणाकडून पुरावा मागणारं सॉफ्टवेअर कसं लिहायचं

तुमच्या मुख्य यंत्राला एखादा सुटा भाग जोडला जातो. बॅटरी असेल, मोजमापाचा प्रोब असेल, कार्ट्रिज असेल, नाहीतर चार्जर. तो तुमच्याच कारखान्यातून आलाय की कुणी हुबेहूब बनवून बाजारात सोडलाय, हे यंत्राने स्वतः ओळखायचं. हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या प्रोग्रामरसाठी हा लेख आहे. सी भाषेत थोडंफार काम केलेलं असलं आणि हॅश म्हणजे काय याची ढोबळ कल्पना असली की पुरे.

आधीच सांगून टाकतो, या कामात अल्गोरिदम हा सगळ्यात सोपा भाग आहे. तो लायब्ररीत तयार मिळतो आणि नकली माल काढणारा सहसा त्याच्या वाटेला जातही नाही. तो शोधतो ते वेगळंच. गुप्त किल्ली कुठे ठेवलीय, ती चिपमध्ये कोणी घातली, आणि तपासणीत ‘नापास’ आलं तर ते कोडमधली कुठली ओळ मनावर घेते. म्हणून पुढच्या पायऱ्यांत गणित कमी आहे आणि किल्लीची देखभाल जास्त.

पायरी १ : कोणाला रोखायचंय ते लिहून काढा

बनावट माल साधारण चार वाटांनी येतो. पहिली वाट, तुमचं सर्किट उलगडून नव्याने बनवलेली नक्कल. दुसरी, तुमच्याच कंत्राटी कारखान्याने ठरल्यापेक्षा जास्त नग काढून मागच्या दाराने विकणं. यात बोर्डही तुमचा, चिपही तुमचीच. तिसरी, वापरून टाकून दिलेल्या अस्सल भागाला नवं कव्हर चढवून पुन्हा विकणं. चौथी, कमी क्षमतेच्या अस्सल भागावर जास्त क्षमतेचं लेबल.

सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. पहिल्यासाठी डिजिटल सही पुरते. दुसऱ्यासाठी कारखान्यात किती किल्ल्या घातल्या जातात त्याचा हिशोब लागतो. तिसऱ्यासाठी चिपमध्ये फक्त पुढेच जाणारा काउंटर हवा, आणि चौथ्यासाठी क्षमतेचा आकडाच सही केलेल्या माहितीत असायला हवा. यातलं काय आपल्याला लागू आहे हे न ठरवता कोड लिहायला बसलात, तर पहिल्या वाटेला भक्कम कुलूप लागेल आणि बाकीच्या तीन सताड उघड्या राहतील.

का रोखायचंय हेही याच कागदावर लिहा. बनावट बॅटरी फुगून आग लागू शकते, हे एक कारण झालं. दुसऱ्या कंपनीची शाई आपल्या प्रिंटरमध्ये चालू नये, हे वेगळंच कारण. लेक्समार्कने टोनर कार्ट्रिजवर अशी तपासणी बसवली होती आणि ती ओलांडणाऱ्या चिप विकल्याबद्दल स्टॅटिक कंट्रोल या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. खालच्या कोर्टाने दिलेला मनाई हुकूम अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केला. सुरक्षितता हे खरं कारण असेल तर तपासणी तेवढ्यापुरतीच ठेवावी, असं माझं मत आहे. पुढे नापास झालेल्या भागाचं काय करायचं हे ठरवताना याचा फार उपयोग होतो.

पायरी २ : ओळख सांगणं आणि ओळख पटवणं यांत गल्लत करू नका

बहुतेकांचा पहिला प्रयत्न असा असतो: जोडलेल्या भागाकडून त्याचा क्रमांक वाचायचा आणि यादीत आहे का ते पाहायचं. यूएसबी उपकरण स्वतःचा व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी सांगतं, पण ते फक्त सांगतं. एफटीडीआयच्या लोकप्रिय सीरियल चिपचे ०४०३ आणि ६००१ हे आकडे कोणीही आपल्या चिपमध्ये लिहू शकतो, आणि अनेकांनी ते लिहिलेही. मायक्रोकंट्रोलरमधला ९६ बिटांचा कायमचा क्रमांकही तसाच. तो बदलता येत नाही हे खरं, पण तारेच्या पलीकडे बसलेल्या तुमच्या यंत्राला तो खऱ्या रजिस्टरमधून आलाय की नकली फर्मवेअरने पोपटासारखा म्हणून दाखवलाय, हे कळायला काही मार्ग नाही.

ठरलेला गुप्त पासवर्ड तारेवरून पाठवणं हेही त्याच पठडीतलं. तारेवरचे सिग्नल टिपणारा एक साधा लॉजिक अ‍ॅनालायझर लावला की तो पहिल्याच जोडणीत उघडा पडतो. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायची गरज नाही.

पायरी ३ : दर वेळी नवा प्रश्न विचारा

यावरचा उपाय म्हणजे चॅलेंज-रिस्पॉन्स. मुख्य यंत्र, म्हणजे होस्ट, ३२ बाइटांचा यादृच्छिक आकडा तयार करून प्रोबला (इथून पुढे जोडलेल्या भागाला प्रोबच म्हणू) पाठवतो. प्रोब आपल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर परत करतो. आकडा दर वेळी वेगळा असल्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही. किल्ली तारेवर येतच नाही, त्यामुळे चोरून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

नुसत्या आकड्यावर मात्र गणित करू नका. आधी एक ठरलेला मजकूर ठेवा, उदाहरणार्थ ‘प्रोब-तपासणी-आवृत्ती-१’, मग तो आकडा, मग प्रोबचा क्रमांक, आणि मोजमापाची क्षमता वगैरे जे काही खोटं सांगितलं जाऊ शकतं ते सगळं. या पूर्ण पुडक्यावर एचएमएसी-शा२५६ (गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश) किंवा सही काढायची. मजकुराचा फायदा असा की तीच किल्ली उद्या दुसऱ्या कामाला वापरली गेली, तर एका कामाचं उत्तर दुसरीकडे खपवता येत नाही.

नवे लोक हमखास फसतात ते यादृच्छिक आकड्यापाशी. सी भाषेतलं रँड फंक्शन बीज न देता वापरलं तर यंत्र चालू केल्यावर दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने येतात. टेबलावर चाचणी घेताना हे लक्षात येत नाही, कारण एका बैठकीत आकडे वेगवेगळेच दिसतात. पण नक्कल करणाऱ्याने अस्सल प्रोब जोडून पहिल्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं टिपून ठेवली की झालं. त्याला किल्ली लागतच नाही. यंत्र बंद-चालू करायचं आणि टिपलेली उत्तरं वाजवायची. बीज म्हणून घड्याळाची वेळ दिली तरी फारसा फरक पडत नाही, कारण ती अंदाजाने काढता येते. चिपमधला हार्डवेअर यादृच्छिक जनरेटर वापरा. तो सुरू व्हायला काही क्षण लागत असतील तर तेवढं थांबा, आणि त्याने त्रुटी कळवली तर तपासणी पुढे नेऊच नका.

आणखी एक बारीकशी गोष्ट. एचएमएसीचं आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडताना मेमकंप (memcmp) वापरू नका. ते पहिला वेगळा बाइट दिसताच थांबू शकतं आणि लागलेल्या वेळावरून किती बाइट बरोबर आले याचा सुगावा लागतो. सगळे बाइट शेवटपर्यंत तपासणारं फंक्शन जवळपास प्रत्येक क्रिप्टो लायब्ररीत असतं.

पायरी ४ : एकच किल्ली दोघांकडे, की किल्लीची जोडी?

एचएमएसीच्या पद्धतीत गुप्त किल्ली प्रोबमध्येही असते आणि होस्टमध्येही. ही पद्धत वेगवान आहे, चिप स्वस्त पडते, कोड छोटा राहतो. अडचण अशी की होस्ट कोणीही विकत घेऊन फोडू शकतो. प्रत्येक प्रोबला वेगळी किल्ली देऊन भागत नाही, कारण त्या सगळ्या ज्या मूळ किल्लीतून काढल्या ती होस्टला माहीत असावीच लागते.

हे किती महागात पडतं ते कीलॉकच्या बाबतीत दिसलं. गाड्यांच्या आणि गॅरेजच्या रिमोटमध्ये वापरली जाणारी ही पद्धत. प्रत्येक रिमोटची किल्ली वेगळी होती, पण ती निर्मात्याच्या एका मूळ किल्लीतून निघत असे. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी रिसीव्हरच्या वीजवापरातले चढउतार मोजून ती मूळ किल्लीच काढून दाखवली. त्यानंतर एखाद्या रिमोटचे दोन संदेश ऐकले की त्याची नक्कल तयार करता येत होती.

म्हणून नवीन काम सुरू करत असाल तर जोडीची पद्धत घ्या, म्हणजे ईसीडीएसए (एलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्रांच्या गणितावरची डिजिटल सही). सही करणारी खासगी किल्ली फक्त प्रोबमध्ये राहते. होस्टकडे असते ती सार्वजनिक किल्ली, आणि ती जगजाहीर झाली तरी बिघडत नाही. पी-२५६ या वक्रावर खासगी किल्ली ३२ बाइटांची, सार्वजनिक ६४ आणि सहीही ६४ बाइटांची होते. लहान मायक्रोकंट्रोलरलाही हे झेपतं. सिमेट्रिक पद्धत, म्हणजे एकच किल्ली दोघांकडे, घ्यावीच लागली तर मूळ किल्ली होस्टच्या फ्लॅशमध्ये न ठेवता होस्टवरही सुरक्षित चिप बसवा.

पण हजारो प्रोबच्या सार्वजनिक किल्ल्या होस्टला आधीपासून कशा माहीत असणार? त्यासाठी सर्टिफिकेटची साखळी असते. तुमची एक मूळ किल्ली, तिने सही केलेलं कारखान्याचं सर्टिफिकेट, आणि कारखान्याच्या किल्लीने सही केलेलं प्रत्येक प्रोबचं सर्टिफिकेट. होस्टमध्ये फक्त मूळ सार्वजनिक किल्ली साठवायची.

आता इथे जपून. साखळी तपासली, सगळ्या सह्या बरोबर निघाल्या, म्हणून प्रोब अस्सल ठरत नाही. सर्टिफिकेट ही उघड माहिती आहे. अस्सल प्रोबमधून ती वाचून लाखो नकली प्रोबमध्ये जशीच्या तशी उतरवता येते. साखळी पटल्यावर त्यातली सार्वजनिक किल्ली घ्यायची आणि तिसऱ्या पायरीतल्या ताज्या आकड्यावरची सही तिने तपासायची. ही दुसरी तपासणी राहून गेलेला कोड चाचणीत अगदी व्यवस्थित चालतो, कारण अस्सल प्रोब त्यातही पास होतोच.

तुमच्या क्षेत्रात तयार मानक असेल तर स्वतःचा प्रोटोकॉल रचत बसू नका. चार्जर आणि केबलसाठी यूएसबी टाइप-सी ऑथेंटिकेशन आहे. यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या यूएसबी-आयएफने २०१९ मध्ये त्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात वीज किंवा डेटा वाहू लागण्याआधीच समोरच्याची ओळख पटवता येते. सर्व्हरमधल्या सुट्या भागांसाठी डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एसपीडीएम आहे. घरगुती स्मार्ट उपकरणांच्या मॅटर मानकात प्रत्येक उपकरणात स्वतःचं अटेस्टेशन सर्टिफिकेट असावं लागतं. नेटवर्कवरच्या उपकरणांच्या ओळखीसाठी आयईईई ८०२.१एआर बघा. तुमचं उत्पादन यात बसत नसलं तरी यातलं एखादं वाचून काढा. तुम्हाला न सुचलेल्या दहा गोष्टी तिथे आधीच सोडवून ठेवलेल्या असतात.

पायरी ५ : किल्लीला घर द्या

साध्या मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये किल्ली ठेवून वाचनबंदीचं बिट लावलं की काम झालं, असं वाटतं. २०२० मध्ये नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२ मालिकेच्या चिपची अशी बंदी वीजपुरवठ्याला नेमक्या क्षणी झटका देऊन उठवता येते, हे उघड झालं. त्याच्या आदल्या वर्षी ईएसपी३२ च्या मूळ आवृत्तीतही अशाच झटक्याने आतल्या किल्ल्या वाचल्या गेल्या होत्या. दोन्ही चिप एरवी चांगल्या आहेत. फक्त अशा हल्ल्यापुढे टिकण्यासाठी त्या बनवलेल्या नव्हत्या.

त्यासाठी वेगळ्या सुरक्षित चिप मिळतात. मायक्रोचिपची एटीईसीसी६०८, इन्फिनिऑनची ऑप्टिगा ट्रस्ट, एनएक्सपीची एसई०५०, एसटीची एसटीसेफ. किल्लीची जोडी चिपच्या आतच तयार होते आणि खासगी किल्ली बाहेर काढायची आज्ञाच चिपमध्ये नसते. सही करून दे, एवढंच तिला सांगता येतं. काही चिपमध्ये किल्ली साठवण्याऐवजी सिलिकॉनच्या घडणीतल्या सूक्ष्म फरकांतून दर वेळी नव्याने काढली जाते. त्याला पफ म्हणतात. नवख्याने सुरुवातीला त्याच्या फार खोलात शिरायचं कारण नाही.

सुरक्षित चिपही अभेद्य नसते. एटीईसीसी५०८ए या आधीच्या पिढीच्या चिपमधली गुप्त माहिती २०२० मध्ये लेजर (Ledger) या कंपनीच्या प्रयोगशाळेत बाहेर काढली गेली. त्यामुळे रचना अशी हवी की एक चिप फुटली तर एकाच प्रोबची किल्ली जावी आणि तो क्रमांक रद्द करून विषय संपावा. सगळ्या प्रोबमध्ये एकच किल्ली असेल तर चिप कितीही महागाची बसवा, काही उपयोग नाही.

पायरी ६ : कारखाना

प्रोग्रामर ही पायरी ‘उत्पादनवाले बघतील’ म्हणून सोडून देतात. कंत्राटी कारखान्याच्या संगणकावर सही करणारी किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवली, तर रात्रपाळीत निघालेला जादा मालही तुमच्या गणितानुसार शंभर टक्के अस्सल ठरतो. कोणतंही सॉफ्टवेअर तो पकडू शकणार नाही, कारण त्याची सही खरीच असते.

कारखान्याची सही करणारी किल्ली एचएसएम या सुरक्षित यंत्रात ठेवा. त्याला मोजक्या सह्यांचाच परवाना द्या: या खेपेत ५,००० नग, तर ५,००० सह्या आणि थोड्या वाया जाणाऱ्यांसाठी. खेप संपली की दिलेल्या सह्या, पोचलेले नग आणि भंगारात गेलेले नग यांचा ताळेबंद जुळवा. जुळला नाही तर विचारणा करा. मूळ किल्ली कारखान्यात कधीच जात नाही. ती नेटवर्कला न जोडलेल्या जागी राहते आणि नव्या कारखान्याला सर्टिफिकेट द्यायचं तेव्हाच बाहेर निघते.

चाचणीच्या किल्ल्या आणि खऱ्या किल्ल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. टीममधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असलेली चाचणीची मूळ किल्ली विक्रीच्या फर्मवेअरमध्ये विश्वासार्ह म्हणून राहून गेली, तर वरची सगळी मेहनत पाण्यात. बिल्ड करतानाच हे तपासणारी स्क्रिप्ट लिहून टाका.

सर्टिफिकेटची मुदत हा अजून एक सापळा. होस्टला घड्याळ नसेल तर मुदत तपासता येत नाही, आणि घड्याळ असेल तर मुदत संपल्याच्या दिवशी चांगले प्रोब अचानक नकली ठरतात. ८०२.१एआर मध्ये निर्मात्याच्या ओळखपत्रासाठी सुचवलेली शेवटची तारीख ९९९९ सालाच्या ३१ डिसेंबरची आहे. मुकाट्याने तीच घ्या.

पायरी ७ : निकाल एका ‘जर’वर टांगू नका

तपासणीचं फंक्शन शेवटी हो किंवा नाही परत करतं आणि पुढे एक ‘जर’ असतो. हल्लेखोराला अख्खी क्रिप्टोग्राफी सोडून फक्त तेवढी एक उडी बदलायची असते. एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये सिस्कोच्या कॅटलिस्ट २९६०-एक्स मालिकेचे दोन बनावट नेटवर्क स्विच उघडून अभ्यासले. दोन्हीत सुरुवातीची सॉफ्टवेअर तपासणी टाळण्याची सोय केलेली होती. एकात तर त्यासाठी बोर्डावर जादा सर्किट बसवलं होतं. गंमत म्हणजे सॉफ्टवेअर अपग्रेड केल्यावर ते बंद पडले, म्हणून त्यांचा संशय आला.

शक्य असेल तिथे ओळख पटण्यातूनच काहीतरी निघू द्या, ज्याच्याशिवाय पुढचं काम होणारच नाही. ईसीडीएचने (गुप्त किल्ली तारेवर न पाठवता ठरवायची पद्धत) दोघांत एक तात्पुरती किल्ली ठरवा, प्रोबने त्यातल्या आपल्या भागावर सही करावी, आणि कॅलिब्रेशनचे आकडे त्या किल्लीनेच गुंडाळून पाठवावेत. मग ‘जर’ उडवूनही हाती कचराच येतो. पुढची वाचनंही त्याच किल्लीने एचएमएसी लावून पाठवली, तर सुरुवातीला अस्सल प्रोब दाखवून नंतर तार दुसरीकडे वळवायची युक्तीही बंद होते.

तरी एक वाट उरतेच. जुन्या अस्सल प्रोबमधली सुरक्षित चिप काढून नव्या नकली प्रोबमध्ये बसवणं. इथे चिपमधला काउंटर कामाला येतो. एटीईसीसी६०८ मधला काउंटर २०,९७,१५१ पर्यंत मोजतो आणि मागे फिरवता येत नाही. वापराच्या मर्यादेला पोचलेली चिप संपली, असं होस्टने मानायचं.

पायरी ८ : नापास झाल्यावर काय?

२०१४ मध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून गेला आणि नकली चिप सापडली की तिचा प्रॉडक्ट आयडी शून्य करू लागला. संगणकाला ती उपकरणं ओळखू येईनात. ज्यांची उपकरणं बंद पडली त्यांतल्या बहुतेकांना आत नकली चिप आहे याचा पत्ताही नव्हता. ओरड झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ च्या ड्रायव्हरने चिप मारली नाही, पण डेटाच्या जागी ‘उपकरण अस्सल नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पाठवायला सुरुवात केली. समोर एखादं यंत्र त्या तारेवरून आज्ञा घेत असेल तर त्याचं काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. मला दोन्ही उपाय अमान्य आहेत. फसवला गेलेला माणूस ग्राहक आहे, चोर नाही.

आधी कारणं वेगळी करा. उत्तरच आलं नाही, म्हणजे बहुधा सैल जोडणी; दोन-तीनदा पुन्हा विचारा. उत्तर आलं पण सही चुकली, तर प्रकरण गंभीर. सही बरोबर पण सर्टिफिकेट अनोळखी, तर कदाचित नव्या कारखान्याचा अस्सल माल आणि होस्टचं फर्मवेअर जुनं. तिन्हींना एकच लाल दिवा दाखवलात तर तक्रार हाताळणाऱ्यांना काहीच उलगडणार नाही.

मग कृती. बॅटरीच्या बाबतीत वेगवान चार्जिंग नाकारून सावकाश चार्जिंग चालू ठेवता येईल. मोजमापाच्या यंत्रात वाचन दाखवा, पण अहवालावर ‘प्रोबची खात्री झाली नाही’ असं छापा. वैद्यकीय यंत्र असेल तर काम चालू असताना मध्येच बंद पाडायचं नाही. काय ते जोडतानाच ठरवायचं. आणि समोरच्या भागात काहीही लिहायचं नाही, पुसायचं तर मुळीच नाही.

यंत्र इंटरनेटला जोडलेलं असेल तर क्रमांक सर्व्हरला कळवा. एकच क्रमांक एकाच वेळी दोन दूरच्या ठिकाणी दिसला, तर किल्ली फुटल्याचं लगेच कळतं. रद्द क्रमांकांची यादी फर्मवेअर अपडेटबरोबर पाठवा.

पायरी ९ : स्वतःच नक्कल बनवा

कोड झाला की एक स्वस्त बोर्ड घ्या आणि त्याला नकली प्रोब बनवा. अस्सल सर्टिफिकेट त्यात उतरवा आणि स्वतःच्या भलत्याच किल्लीने सही करा. कालची टिपलेली उत्तरं वाजवून पाहा. सहीतला एकच बिट उलटवा. सर्टिफिकेटमधली क्षमता बदला. लांबीच्या जागी अवाढव्य आकडा घालून होस्ट कोसळतो का बघा, कारण सर्टिफिकेट वाचणारा कोड हा अनोळखी माणसाने दिलेला डेटा वाचत असतो. होस्ट पन्नास वेळा बंद-चालू करून प्रत्येक वेळचा पहिला प्रश्न नोंदवा. एकही पुन्हा येता कामा नये.

शेवटी सहीचे ६४ च्या ६४ बाइट शून्य ठेवून पाठवा. हे हास्यास्पद वाटेल. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये दुरुस्त होईपर्यंत जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांतली ईसीडीएसए तपासणी शून्यांची सही कुठल्याही संदेशावर, कुठल्याही किल्लीसाठी बरोबर मानत होती. तुमची लायब्ररी काय म्हणते ते बघा आणि ही चाचणी प्रत्येक बिल्डला आपोआप चालेल अशी लावून ठेवा.